कपकेक एवढे लोकप्रिय का झाले, आणि ते घरी करणे खरोखर सोपे आहे का?

तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर माझ्या मते कपकेकच्या आकारातच आहे. त्याला सुरी लागत नाही, ताटली लागत नाही, ज्याचा त्याचा वाटा आधीच ठरलेला असतो. आणि त्याच आकारामुळे तो भाजायलाही सोपा जातो.

पदार्थ तसा जुनाच. लहान कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ सालच्या अमेरिकी पाकपुस्तकात आहे. त्याची अलीकडची लाट मात्र न्यूयॉर्कमधली. तिथे ब्लीकर स्ट्रीटवर १९९६ मध्ये मॅग्नोलिया बेकरी सुरू झाली, २००० साली एका गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत तिथले कपकेक झळकले आणि दुकानाबाहेर रांगा लागू लागल्या. पुढे २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्सला केवळ कपकेकसाठी स्प्रिंकल्स हे दुकान उघडले आणि २०१२ मध्ये तर त्यांनी पैसे भरताच कपकेक देणारे यंत्रही बसवले. अशी लाट ओसरायचीच होती. क्रम्ब्ज ही न्यूयॉर्कची कपकेक-दुकानांची साखळी २०११ मध्ये शेअर बाजारात उतरली आणि जुलै २०१४ मध्ये तिने सगळी दुकाने बंद केली. जो पदार्थ कोणालाही घरी अर्ध्या तासात भाजता येतो, त्या एकट्यावर एवढा व्यवसाय उभारणे मला तरी धाडसाचेच वाटते.

आता घरच्या कपकेककडे वळू. मोठ्या केकचा मध्यभाग शिजेपर्यंत कडा कोरड्या पडण्याची भीती असते. कपकेकमध्ये उष्णता मध्यापर्यंत लवकर पोचते, त्यामुळे १८० अंश सेल्सिअसला आधी तापवलेल्या ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, १८ ते २० मिनिटे पुरतात. लोणी, पिठीसाखर आणि मैदा प्रत्येकी ११० ग्रॅम, दोन अंडी, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि दोन मोठे चमचे दूध एवढ्यात साधारण बारा लहान कपकेक होतात. कपांची मापे घरोघरी वेगळी असतात, म्हणून वजनकाटा वापरावा, असा माझा आग्रह आहे. लोणी व साखर फिकट रंग येईपर्यंत भरपूर फेटावी, मग एकेक अंडे घालावे. चाळलेला मैदा घातल्यावर मात्र हात आवरावा, कारण त्यानंतर जितके फेटाल तितके ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचे चिवट जाळे, तयार होते आणि कपकेक चिवट होतो. कागदी वाट्या दोन तृतीयांशच भराव्यात, नाहीतर मिश्रण फुगून बाहेर येते.

अंडे चालत नसेल, तर दही आणि खाण्याचा सोडा यांची जोडी वेगळ्या प्रमाणाने वापरतात. दह्याच्या आंबटपणामुळे सोड्यातून वायू सुटतो आणि मिश्रण हलके होते, पण तो लगेच सुटू लागत असल्याने मिश्रण भिजवून ठेवू नये. साचा तयार असेल तेव्हाच सोडा घालावा.

खरी अडचण वरच्या आयसिंगची आहे. लोण्याचे आयसिंग मुंबईच्या किंवा कोकणातल्या मे महिन्यात खोलीच्या तापमानाला उभे राहत नाही, ओघळते. त्या दिवसांत चॉकलेट आणि क्रीमचे गनाश पातळसर लावावे आणि ते वाढण्याच्या अगदी आधी फ्रिजमधून काढावे. पहिल्या खेपेस तर आयसिंगच्या वाटेला जाऊच नये. लोणी चांगले असेल, तर ताजा कपकेक नुसताच अधिक चवदार लागतो.