घरबसल्या फारसी शिकायची आहे. आधी व्याकरण करू की शब्द पाठ करू?

दोन्ही नको. एक वाक्य धरा आणि पिळून काढा. मी अकोला जिल्ह्यातला कास्तकार. रात्री ओलिताला गेलो की धुऱ्यावर बसून मोबाइलवर असाच शिकतो.

माझं पहिलं वाक्य: मन पंबे मीकारम. मन म्हणजे मी, पंबे म्हणजे कापूस, मीकारम म्हणजे पेरतो. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. बाईनं म्हटलं तरी मीकारमच, कारण फारसीत लिंग नाही. 'ऊ' म्हणजे तो आणि तीही. आपल्याकडे कापूस तो, पऱ्हाटी ती, बोंड ते!

आता शेपूट बदला: मीकारी (तू पेरतोस), मीकारद (तो पेरतो), मीकारीम (आम्ही पेरतो). पुढे 'ने' लावा: नेमीकारम, पेरत नाही. भूतकाळात गाडं अडतं. पेरला म्हणजे काश्तम. मूळ क्रियापद काश्तन, पण वर्तमानात त्याचं 'कार' होतं. अशा जोड्या पाठच कराव्या लागतात. ही मला पटकन बसली, कारण आपला कास्तकार ह्याच काश्तमधून आलाय.

काळी माती म्हणजे खाक-ए सियाह. विशेषण मागून येतं, मध्ये 'ए'. तो 'ए' बहुतेक वेळा लिहीतच नाहीत, वाचताना आपण घालायचा. म्हणून लिपी टाळू नका. अक्षरं ३२ आहेत. त्यात ज़ची ४, उच्चार एकच. वैताग येतो, पण होतं.

ओळखीच्या शब्दांवर मात्र भरवसा नको. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. तिकडे शेकस्त म्हणजे पराभव. आपल्याकडे खाक झालं म्हणजे जळून राख. तिकडे खाक म्हणजे नुसती माती.

आणि मीखरम (विकत घेतो) व मीखोरम (खातो) यांत घोळ घालू नका. लिहिताना फरक एका 'वाव' अक्षराचा. इस्फहानच्या एका ओळखीच्या माणसाला मला लिहायचं होतं, मी कापूस विकत घेतो. गेलं ते मन पंबे मीखोरम. त्याचं उत्तर आलं: "बा नमक?" मिठासोबत?