टोरांटो बघायचं तर ५०६ ने

अनेक आशीर्वाद.

टोरांटोत कुठे फिरू, असं तू विचारलंस. सीएन टॉवर तू बघशीलच. माझं ऐकशील तर एका रविवारी सकाळी मेन स्ट्रीट स्टेशनवरून पश्चिमेला जाणारी ५०६ नंबरची स्ट्रीटकार, म्हणजे ट्राम, धर. तुझ्या ब्रॅम्प्टनहून लांब पडेल, तरी ये. प्रेस्टो हे भाड्याचं कार्ड एकदा टॅप केलं की दोन तास त्याच भाड्यात कितीही वेळा चढता-उतरता येतं, म्हणून उतरायला कचरू नकोस.

आधी जेरार्ड स्ट्रीटच्या इंडिया बाजारात उतर. साड्यांची दुकानं, पान, उन्हाळ्यात फुटपाथवर भाजलेली कणसं. घरची आठवण येणारच. हा बाजार जमला तो सिनेमामुळे. १९७२ मध्ये ग्यान नाझ यांनी इथलं एक थिएटर घेऊन हिंदी सिनेमे लावायला सुरुवात केली. लांबलांबून माणसं यायला लागली आणि त्यांच्यामागे दुकानं आली. पुढे थिएटर बंद पडलं, बाजार टिकला.

मग डॉन नदी ओलांडली की कॅबेजटाउन. गरीब आयरिश कुटुंबं अंगणात कोबी लावायची, म्हणून हे नाव. आज तिथलं घर भल्याभल्यांना परवडत नाही.

कॉलेज स्ट्रीट आणि स्पडायना अव्हेन्यूच्या चौकात उतरलीस की केन्सिंग्टन मार्केट जवळच आहे. इथे मात्र घाई नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे पूर्व युरोपातून आलेले ज्यू राहायचे. पुढे दुकान, मागे आणि माडीवर संसार. ऑगस्टा अव्हेन्यूवर मान वर करून बघ. खाली रस्त्यापर्यंत पुढे आणलेलं दुकान आणि त्याच्यामागे जुन्या घराचं उतरतं छप्पर, माडीच्या खिडक्या. ज्यूंनंतर पोर्तुगीज आले, मग कॅरिबियन, चिनी, लॅटिन अमेरिकन. डेनिसन स्क्वेअरवरचं कीव्हर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, अजून उभं आहे. नुसती खाण्याची यादी घेऊन इथे फिरणं मला पटत नाही. पोटभर खा, पण दुकानदाराला विचार, तुमच्याआधी इथे काय होतं? बहुतेक जण खुशीने सांगतात.

पुढची लिटल इटली नावापुरती उरली आहे. तिथली बरीच कुटुंबं कधीच उपनगरांत गेली.

जमलं तर मे ते ऑक्टोबरमधला महिन्याचा शेवटचा रविवार धर, तेव्हा केन्सिंग्टनमध्ये गाड्यांना बंदी असते. आणि निघण्याआधी ५०६ चा मार्ग बघून घे, रुळांच्या कामासाठी तो अधूनमधून वळवतात.

तुझी,
मावशी