गुरगुर थांबली तेव्हा काळजी वाढली

“आमचा जर्मन शेफर्ड वर्षाचा होत आला आणि घरच्याच माणसांवर गुरकावू लागला आहे, लहानपणी इतका प्रेमळ होता, आता कुणालाच जुमानत नाही, त्याला कुणाला तरी देऊन टाकावा का?” पाळीव कुत्र्यांच्या वर्तनाविषयी समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा येतो की, त्याचे उत्तर एका घराच्या अनुभवातून मांडणे मला सोयीचे वाटते. हे घर फोंडा तालुक्यातले आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि कुत्र्याला मी टायगर म्हणणार आहे. गोव्यात वाड्यावाड्यावर एक तरी टायगर असतोच, त्यामुळे त्यातून कुणाचा पत्ता लागण्याची भीती नाही.

घर जुने, चिऱ्यांचे, मागे कुळागर म्हणजे पोफळी-नारळांची बाग आणि पुढे फाटकाला लागून रस्ता. घरात आई-वडील, नववीत शिकणारी मुलगी आणि ऐंशीच्या घरातले आजोबा. टायगर अकरा महिन्यांचा, वजन चौतीस किलो. पाच आठवड्यांत तीन प्रसंग घडले होते. सकाळी पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलचा भोंगा वाजताच टायगर फाटकावर झेपावला, मुलीने मागून त्याचा गळपट्टा धरला आणि तिच्या मनगटाला दात लागले. काही दिवसांनी आजोबा त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, तेव्हा तो गुरगुरला. पुढे हाड चघळत असताना तो आईवर गुरकावला. त्यानंतर वडिलांनी मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली आणि तिच्यात सांगितल्याप्रमाणे, टायगर गुरगुरला की त्याला जमिनीवर आडवा पाडून तो निपचित होईपर्यंत दाबून धरायला सुरुवात केली. दोनदा हा उपाय लागू पडल्यासारखा वाटला. तिसऱ्या खेपेला टायगरने मुळीच आवाज केला नाही आणि थेट वडिलांच्या कोपराखाली खोल चावा घेतला.

“मॅडम, आधी निदान सांगायचा तरी. आता न सांगता चावतो,” असे वडील मला म्हणाले, आणि या प्रकरणाचे मर्म त्यांनी नकळत त्या एका वाक्यात सांगून टाकले. टायगर आधी सांगत होता. सांगितल्याची शिक्षा झाली म्हणून त्याने सांगणे सोडले. गुरगुरणे हा कुत्र्याचा उर्मटपणा नसून ‘मला हे सहन होत नाही, मागे व्हा’ अशी त्याची सूचना असते. ती दडपल्याने आतली भीती किंवा वेदना कमी होत नाही, फक्त सूचना नाहीशी होते. गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या घरी मी जितकी निश्चिंत बसते, तितकी गुरगुर बंद पाडलेल्या कुत्र्याच्या घरी बसू शकत नाही.

‘कुत्र्यावर वर्चस्व गाजवा, नाहीतर तो तुमच्यावर गाजवील’ ही समजूत लांडग्यांच्या अभ्यासातून आली. प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये वर्चस्वासाठी झगडणारे जे लांडगे वर्णिले, ते प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले होते. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते. स्वतः मीच यांचे आधीचे लेखन ‘अल्फा’, म्हणजे कळपावर सत्ता गाजवणाऱ्या, लांडग्याची कल्पना रुजवण्यास कारणीभूत ठरले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दुरुस्तीचे मोल कळते. आपल्याकडे मात्र दुरुस्ती पोचायच्या आधी चित्रफिती पोचल्या.

मी पहिल्या दिवशी शिकवणीचा एकही धडा दिला नाही. वडिलांनी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली होती का, हे आधी विचारले. त्यांनी नुसती हळद लावली होती. कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी चाव्यानंतर डॉक्टरांकडे जायलाच हवे, म्हणून त्यांना त्याच संध्याकाळी आरोग्य केंद्रात पाठवले. टायगरला पशुवैद्यांकडे न्यायला सांगितले. जुलै महिना होता, आणि गोव्याच्या पावसाळी दमट हवेत कुत्र्यांचे कान बिघडणे नवे नाही. उजव्या कानात आतपर्यंत संसर्ग होता. सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, आजोबांची खुर्ची ज्या बाजूला असते, तिथून त्यांचा हात नेमका त्याच कानावर पडत असे. आजोबा हे ऐकून बराच वेळ गप्प राहिले. वडिलांनी मात्र, “म्हणजे कानात थेंब घालायला सांगण्याचे तुम्ही पैसे घेणार?” असे हसत विचारले, आणि त्या हसण्याने आमचा परिचय खऱ्या अर्थाने झाला.

फाटकाचा प्रश्न थेंबांनी सुटणारा नव्हता. जर्मन शेफर्ड ही जात १८९९ पासून माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी जर्मनीत मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून घडवली. कुरणाच्या कडेने दिवसभर फेऱ्या घालायच्या आणि मेंढ्यांना शेजारच्या पिकात जाऊ द्यायचे नाही, हे त्यांचे काम. टायगरला मेंढ्या नव्हत्या, पण कड होती, म्हणजे कुंपण. पोदेर सकाळ-संध्याकाळ येतो, टायगर भुंकतो आणि पोदेर निघून जातो. पोदेर आपल्या धंद्यासाठी पुढच्या घरी जातो हे आपल्याला माहीत असते. टायगरच्या हिशेबात त्याने पोदेराला पळवून लावलेले असते. सहाव्या महिन्यापासून अकराव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोनदा धरले, तरी हा विजय त्याला सुमारे तीनशे वेळा मिळाला होता. अशा भरात मागून कुणी गळपट्टा धरला, तर त्या आवेगाचा रोख जवळच्या माणसाकडे वळतो. मुलीवर त्याचा राग नव्हता. त्या क्षणी ती त्याला दिसलीच नव्हती.

त्यात वयाची भर. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आठ महिन्यांची कुत्री आपल्या सांभाळणाऱ्या माणसाची ‘बस’ ही आज्ञा पाच महिन्यांच्या वयापेक्षा कमी पाळत होती, पण परक्या माणसाची आज्ञा पाळण्यात तशी घट नव्हती. नववीतल्या मुलीच्या आईला हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

पहिले दोन आठवडे केवळ व्यवस्थेचे होते. सोप्याच्या दाराला कमरेइतकी फळी बसवली. पोदेराच्या वेळी टायगर मागच्या खोलीत, आणि तिथे जमिनीवर विखुरलेले खाणे वासाने शोधण्यात गुंतलेला. गळपट्ट्याला कुणी हात घालायचा नाही, पाठीवरच्या पट्ट्याला बांधलेली लांब दोरी धरायची. मुसक्याला आईचा विरोध होता, कारण मळणीच्या बैलांना घालतात तसले मुसके घरच्या कुत्र्याला घालणे तिला क्रूर वाटे. पण ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येते, असे जाळीचे मुसके आणून त्यात खाऊ ठेवला, आणि दहा-बारा दिवसांत टायगर स्वतःहून त्यात तोंड घालू लागला. तोंड घट्ट आवळणारे कापडी मुसके आपल्या हवेत फार वेळ ठेवणे धोक्याचे आहे, कारण कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो.

मग भोंग्याचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून अगदी हळू वाजवायचा आणि लगेच मासळीचा तुकडा द्यायचा, असे सुरू केले. सोमवारी त्या घरात मासळी शिजत नाही, म्हणून त्या दिवशी पनीर. हाडाच्या बाबतीत हिसकावणे बंद करून अदलाबदल शिकवली: जवळ जाऊन काहीतरी अधिक चांगले टाकायचे आणि माघारी फिरायचे. शिजवलेली हाडे मी तशीही बंद केली, कारण त्यांचे टोकदार तुकडे आतड्याला इजा करतात. मुलीने आपला जुना मोजा घरात आणि झाडून घेतलेल्या अंगणात लपवून तो शोधायला लावण्याचा खेळ सुरू केला, आणि माझ्या मते सर्वांत मोठा फरक त्यानेच पडला. या जातीला नुसती चार किलोमीटरची रपेट पुरत नाही. तिला डोक्याला काम लागते.

नसबंदीने तो शांत होईल का, असे वडिलांनी विचारले. भटकणे आणि मूत्राने खुणा करणे तिने बरेचदा कमी होते, भीतीतून येणाऱ्या आक्रमकतेची मात्र हमी देता येत नाही, आणि या जातीत वर्षाच्या आत ती केल्यास सांध्यांच्या विकारांचे प्रमाण वाढलेले आढळते. म्हणून आम्ही थांबलो.

देऊन टाकण्याच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरी ‘नको’ असेच असते असे नाही. रांगते मूल असलेल्या एका घराला मी कुत्रा दुसरीकडे, अनुभवी माणसाकडे पाठवण्याचा सल्ला दिला होता आणि तो आजही मला योग्य वाटतो. येथे मुलगी कळती होती, चाव्यांची कारणे हाती लागली होती आणि फळी, दोरी, मुसके ही शिस्त सगळे पाळत होते.

चूक माझ्याकडूनही झाली. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे थोडे कमी असतील, तेव्हा टायगरला मुसके घालून थोडा वेळ सोप्यावर बसवायला हरकत नाही, असे मी सांगितले. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली एवढी माणसे, बाहेर फटाके, आणि एक काका कौतुकाने थेट त्याच्या तोंडासमोर वाकले. संध्याकाळी वडिलांचा फोन आला.

“मॅडम, गुरगुरला,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी काकांना मागे घेतले होते, टायगरला एका शब्दानेही न रागावता आत नेले होते आणि खाली खाणे विखुरून दिले होते.

टायगर आता दीड वर्षाचा आहे. पोदेर आला की तो उठून उभा राहतो, एकदा भुंकतो आणि मुलीकडे पाहतो. आजोबा त्याच्या डोक्याला हात लावत नाहीत. खुर्चीवरून हात खाली सोडून बसतात, टायगरला वाटले तर तो येऊन टेकतो. पशुवैद्यांकडे जाताना मुसके अजून लागते, ते सोप्यावर छत्र्यांच्या शेजारी खिळ्याला टांगलेले असते.