क्रोम प्लेटिंगच्या बाथसाठी (मुलामा देण्याच्या द्रावणासाठी) हायब्रिड मेम्ब्रेन, म्हणजे आत झिर्कोनियम फॉस्फेट किंवा सिलिकासारखा अकार्बनी पदार्थ भरलेला पॉलिमरचा पडदा, घ्यावी का?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या हार्ड क्रोमच्या टाकीतून लोह-तांबं काढताना नेहमीची कॅटायन मेम्ब्रेन (फक्त धन आयन जाऊ देणारा पडदा) ठिसूळ होऊन फाटते, असा प्रश्न आहे. कारण सरळ आहे: स्टायरीन-डायव्हिनाइलबेंझीनचा सांगाडा सहा-संयुजी क्रोमियम ऑक्सिडाइज करतं. जाडी वाढवून ते थांबत नाही.

बाथ ५०-५५ अंशांचा असेल तर हायब्रिडची गरजच नाही. नाफिऑनसारखी पूर्ण फ्लोरिनयुक्त मेम्ब्रेन पुरते. महाग वाटली तर सच्छिद्र सिरॅमिक पॉट. तो आयन निवडत नाही, पण टिकतो.

हायब्रिड कामाला येते ती ९०-१०० अंशांच्या वर, जिथं साधी नाफिऑन सुकते आणि तिचा रोध वाढतो. ती बनवायची तर नाफिऑन मेम्ब्रेन मिथेनॉल-पाण्यात (१:१) गरम करून फुगवा, ८० अंशांच्या १ मोलर झिर्कोनिल क्लोराइडमध्ये काही तास ठेवा, थंड पाण्याने पृष्ठभाग धुवा, मग ८० अंशांच्या १ मोलर फॉस्फोरिक ॲसिडमध्ये रात्रभर. झिर्कोनियम फॉस्फेट आतच तयार होतं आणि पाणी धरून ठेवतं. मधली धुलाई हयगयीनं केली की ते बाहेरच पांढऱ्या भुकटीसारखं बसतं. शेवटी धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटनं गढूळपणा येईना होईपर्यंत धुवा. क्लोराइड बाथमध्ये गेलं तर शिशाचे ॲनोड खातं.

बाथमध्ये सिलिकोफ्लोराइड असेल तर सिलिका भरलेली मेम्ब्रेन अजिबात घेऊ नका, फ्लोराइड ती विरघळवतं. तीव्र कॉस्टिक सोड्यामध्ये झिर्कोनियम फॉस्फेटही फॉस्फेट सोडू लागतं, त्यामुळे ती मेम्ब्रेन कॉस्टिकनं धुवायची नाही.