आधी आकडा काढ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. 300 किलोमीटर उंचीवर, आयनोस्फिअर या हवेच्या वरच्या थरात, हजार कणांमागे जेमतेम एक विद्युतभारित, मग त्याला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, का म्हणायचं, ही तुझी शंका रास्त आहे. राग आला तो पुढच्या वाक्याचा: आणखी एक पुस्तक घेऊ का? अगं, पुस्तकांचा ढीग आहे तुझ्याकडे. आकडा एकही काढलेला नाहीस.

काढ. भर दुपारी तिथे घनमीटरमागे इलेक्ट्रॉन साधारण 10 चा 12 वा घात, तापमान 1000 केल्विनच्या आसपास. डिबाय लांबीच्या, म्हणजे एका भाराचा प्रभाव जिथवर पोचतो त्या अंतराच्या, सूत्रात घाल. उत्तर येतं दोन मिलिमीटर. एका भाराची कुरकुर दोन मिलिमीटरपलीकडच्या शेजाऱ्याला ऐकू जात नाही, आणि थर पसरलाय शेकडो किलोमीटर! इलेक्ट्रॉन सेकंदाला 90 लाख वेळा डोलू शकतात. टकरा होतात हजार-दोन हजार. प्लाझ्मा ठरतो तो यावरून, उदासीन कणांची गर्दी बघून नाही.

आता हाच 90 लाखांचा, म्हणजे 9 मेगाहर्ट्झचा आकडा हाताशी ठेव. सरळ वर गेलेली याहून कमी वारंवारतेची रेडिओ लाट इलेक्ट्रॉन परतवतात, खूप जास्तीची आरपार जाते. मीडियम वेव्ह 1 मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणून वरून परतते. एफएम 100 च्या घरात, ती निघून जाते. मग दिवसा लांबची स्टेशनं का लागत नाहीत? मध्ये 70-80 किलोमीटरवर डी थर आहे. तिथे हवा दाट, टकरा सेकंदाला दहा लाखांच्या वर, लाटेची ऊर्जा तिथेच जिरते. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि तुमच्या देवगडात रात्री परमुलखातली भाषा रेडिओवर येते. बाबांच्या होडीवरचं जीपीएस संध्याकाळनंतर कधी कधी चळतं म्हणतेस, तिथेही आधी आकडा. जीपीएसची लहर 1575 मेगाहर्ट्झची, ती अडणं शक्यच नाही. म्हणजे अडथळा शोधू नकोस, घनतेतले चढउतार शोध. सूर्यास्तानंतर खालून विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात, त्यांतून जाताना ती लुकलुकते.

तुझ्या वयात मला हे कुणी दटावून सांगितलं नाही. सूत्रं घोकण्यात उमेदीची वर्षं गेली, त्याची खंत आहे. पुढे नोकरीत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदींचं काम मिळालं. चुंबकाला चिकटवलेल्या इवल्याशा आरशावर दिव्याचा झोत, आणि त्याचा ठिपका फिरत्या ड्रमवरच्या फोटोच्या कागदावर रेघ ओढत जायचा. खोलीत जाताना किल्ल्यासुद्धा बाहेर ठेवायच्या. त्या रेघेवर काचेची पट्टी ठेवून मी तासातासाचे आकडे उतरवले. लोक कारकून म्हणाले. बढतीच्या वेळी साहेबांनी विचारलं, तुमचे पेपर किती?

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये वेधशाळेचं हे काम कुलाब्याहून अलिबागला हलवलं, हे तुला ठाऊक आहे. पण त्याआधी, 2 सप्टेंबर 1859 ला, कुलाब्यात कुणीतरी डोळ्यांनी वाचून आकडे वहीत लिहिले. सूर्यावरून आलेल्या वादळात चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळलं होतं. त्या सौर वादळाचा जोर मोजू पाहणारे आजही त्याच नोंदीकडे येतात. त्या वाचणाऱ्याचे पेपर किती होते, हे मला साहेबांना विचारायचं होतं. विचारलं नाही, ते जाऊ दे.

चुंबकीय क्षेत्र 40,000 नॅनोटेस्ला धर आणि इलेक्ट्रॉन त्याभोवती सेकंदाला किती गिरक्या घेतो ते काढ. मग डी थरातल्या टकरांशी ताडून बघ. पुढच्या पत्रात हे दोन आकडे नसले, तर उत्तराची वाट बघू नकोस.