स्वतः न गाता, फक्त कंट्री (अमेरिकेतल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेला प्रकार) गाणी लिहून अमेरिकेत पोट भरतं का?

हो, भरतं, पण एखादं गाणं रेडिओवर चांगलं चालायला हवं. तिथे साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की रॉयल्टी गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला (गाण्याचे हक्क सांभाळणारी कंपनी) मिळते, गायकाला त्यातून काहीच नाही. म्हणून तर हार्लन हॉवर्डसारखा गीतकार उभा राहू शकला. कॅलिफोर्नियात कारखान्यात राबत तो गाणी लिहायचा. १९५९मध्ये गायक रे प्राइसनं त्याचं ‘हार्टेक्स बाय द नंबर’ गाजवलं, १९६०मध्ये हॉवर्डनं कंट्री संगीताचं केंद्र असलेलं नॅशव्हिल गाठलं, १९९७मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. माझ्या मते या कलेतला तो सर्वांत पक्का कारागीर. मात्र करारातल्या गीतकाराला प्रकाशक दरमहा देतो ती रक्कम बहुधा पगार नसते, उचल असते; पुढच्या रॉयल्टीतून आधी तीच वळती होते.