आविला अडोबी: घर अस्सल, रस्ता नाटकी

लॉस एंजेलिसमधलं आविला अडोबी (अडोबी म्हणजे कच्च्या मातीच्या विटा, आणि त्यांचं घरही) दहा मिनिटांत बघून झालं, ते खरंच १८१८चं आहे की पर्यटकांसाठी उभारलेलं, असं तुम्ही विचारलंय. घर जुनंच आहे. बाहेरचा ऑल्व्हेरा स्ट्रीटचा बाजार मात्र १९३०मध्ये थाटलेला आहे, आणि घोटाळा तिथेच होतो.

हे घर फ्रान्सिस्को आविला यांनी बांधलं. मूळचे मेक्सिकोतल्या सिनालोआचे, १८१०मध्ये इथले आल्काल्दे, म्हणजे गावचे मुख्य अंमलदार. गुरंढोरं बक्कळ. तरी एवढ्या बड्या असामीचं घर एकमजली आणि सुरुवातीला जमीनही चोपलेल्या मातीची! त्या काळात हाताशी होतं ते सामान म्हणजे पायाखालची माती. ती वाळू आणि गवताच्या काड्यांबरोबर कालवायची, लाकडी साच्यात थापायची आणि विटा उन्हात वाळवायच्या. भट्टी नाही, सांध्यांतही चिखलच.

पुढच्या वेळी गेलात तर खोल्यांतलं फर्निचर सोडा (ती १८४०च्या दशकासारखी केलेली मांडणी आहे) आणि खिडकीच्या कोनाड्यात हात घालून बघा. भिंत अडीच-तीन फूट जाड आहे. दिवसाचं ऊन एवढी माती पार करेपर्यंत रात्र होते. मराठवाड्यात माळवदाखाली दुपार काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. छपरही तसंच सपाट होतं: कॉटनवूड या झाडाच्या तुळया आणि वर ला ब्रेआ इथल्या नैसर्गिक डबक्यांतलं डांबर, त्यात खडे नि घोड्याचे केस मिसळलेले.

डांबर कशाला, तर कच्च्या विटेचा खरा वैरी पाणी. छप्पर गळलं किंवा पायथ्याला ओल चढली की भिंत आतून भुसभुशीत होते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवणं म्हणजे ओल आत कोंडून ठेवणं. जुन्या अडोबींची वाट लागते ती बरेचदा अशा हौशी दुरुस्तीमुळे. भूकंपातही बुटकी-जाड भिंत उंच-बारीक भिंतीपेक्षा बरी तग धरते. तडे जातात, पण ती सहसा आडवी होत नाही. १९७१च्या भूकंपात या घराचं बरंच नुकसान झालं आणि दुरुस्तीसाठी ते काही वर्षं बंद होतं. तेव्हा प्रत्येक वीट १८१८ची आहे असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सोडून द्या. शिवाय मूळ घर बरंच मोठं होतं, काटकोनात वळलेलं. आज त्याचा काही भागच उरलाय.

मधला इतिहास थोडक्यात: आविला १८३२मध्ये वारले. जानेवारी १८४७मध्ये अमेरिकी फौजेने मेक्सिकोकडून शहर घेतलं तेव्हा अमेरिकी नौदलाचा अधिकारी कमोडोर स्टॉकटनचा मुक्काम इथेच पडला. पुढे भाडेकरू, खानावळ, आणि मग पडझड. १९२८मध्ये पाडण्याची वेळ आली तेव्हा क्रिस्टीन स्टर्लिंग या बाईंनी पैसे उभे करून ते वाचवलं. बाजाराची कल्पनाही त्यांचीच. त्यातला ‘जुन्या मेक्सिको’चा थाट मला भडक वाटतो, पण तो नसता तर तिथे आज पार्किंग असतं.

आत जायला तिकीट नाही. मागच्या अंगणात जरूर जा. स्वयंपाक आणि घरची बरीचशी कामं तिथेच चालायची.